दिसतंयबाईंची तपासणी

बाईंची आणि रेकॉर्डकाकांची ओळख मोजून चार दिवसांची, मंगळवार ते शुक्रवार. एवढ्यावर एखाद्या माणसाबद्दल काही सांगायला जायचं म्हणजे धाडसच, आणि काकांच्या अंगात धाडस कधी नव्हतं. बाई राहायच्या कुठे, त्यांचं लग्न झालं होतं की नाही, रविवारी त्या काय करायच्या, हे काकांना आजही सांगता येणार नाही. त्यांच्या अंगातला मोठा राखाडी स्वेटर कुणाचा, हेही त्यांनी विचारलं नाही. बटणं पुरुषांच्या बाजूला होती, एवढं पाहिलं. विचारायचं चार वेळा मनात आलं आणि चारही वेळा घशापर्यंत येऊन परत गेलं. पण त्या चार दिवसांत बाईंनी काय केलं ते काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि बाईंचाच नियम असा, की जे दिसलं ते सांगावं. तेव्हा तेवढंच.

काका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं होते. तळमजल्यावरची लांबट खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, मधे एकच माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. निवृत्तीला पाच महिने उरले होते. हॉस्पिटलचा सगळा कारभार कधीच कॉम्प्युटरवर गेला होता. काकांकडे कुणी आलंच तर रस्ता चुकून.

त्या मंगळवारी मोठे साहेब स्वतः खाली आले. सोबत पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, गळ्यात एक आणि डोक्यावर एक असे दोन चष्मे घेतलेल्या बाई.

"या निरीक्षक," साहेब म्हणाले. "वर सर्व्हरची तपासणी आहे. यांना मदतीला एक माणूस हवाय."

"मला असा माणूस हवाय," बाई म्हणाल्या, "ज्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण वाचता नीट येतं."

"म्हणून तर तुम्हाला इथे आणलं," साहेब म्हणाले, आणि स्वतःच हसले. काकाही हसले. तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं.

तपासणीचा प्रकार असा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत हॉस्पिटलचे शेचाळीस सर्व्हर होते. पेशंटची कागदपत्रं, एक्स-रे, लॅबचे रिपोर्ट, सगळं त्यांच्या पोटात. प्रत्येक सर्व्हर आतून कसा असावा याची एकशे बारा कलमांची यादी चार वर्षांपूर्वी एका समितीने सह्या करून पक्की केली होती. पासवर्ड किती अक्षरी, आत कुणाला येता यावं, कुणाला येऊ नये, आल्या-गेल्याच्या नोंदी किती दिवस ठेवायच्या, असं सगळं. हिला म्हणायचे मानक यादी. दरवर्षी बाहेरून निरीक्षक यायचा आणि प्रत्येक सर्व्हर तिच्याशी ताडून पाहायचा.

यंदा घाई होती. आजूबाजूचे बावीस लहान दवाखाने सोमवारपासून हॉस्पिटलच्या लॅबला जोडले जाणार होते. एका रक्ताच्या रिपोर्टसाठी लोकांना दोन-दोन तास प्रवास करून यावं लागायचं, ते थांबणार होतं. पण शुक्रवारी पाचच्या आत बाईंची सही झाली तरच. नाहीतर पुढची तारीख सहा महिन्यांनी.

सर्व्हर रूमचा जो मुख्य तंत्रज्ञ होता त्याला सगळे मागून झालंयराव म्हणायचे. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच: "झालंय." उंच, चपळ, कामाला वाघ, पण शब्द तोंडातून हातांच्या आधी निघायचा. बाई वर पोचेपर्यंत त्याने तपासणीचा प्रोग्रॅम चालवूनही टाकला होता. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर शेचाळीस हिरवे चौकोन.

"झालंय मॅडम. शेचाळीसपैकी शेचाळीस. सगळं हिरवं."

"झालंय हे मला दिसत नाही," बाई म्हणाल्या. "हिरवं दिसतंय."

झालंयरावाने काकांकडे पाहून भुवया उडवल्या. बाईंचं टोपणनाव त्याने गेल्याच वर्षी पाडून ठेवलं होतं: दिसतंयबाई.

प्रोग्रॅम काहीही म्हणो, बाई तीन सर्व्हर हाताने तपासायच्याच. कोणते, ते काकांना चिठ्ठ्या काढायला लावून ठरलं: नऊ, बावीस आणि एकोणचाळीस. मग त्यांनी काकांना शेजारी बसवलं, हातात छापील यादी दिली आणि आपली स्टीलची पट्टी त्यांच्यापुढे ठेवली.

"पट्टी ओळीखाली ठेवायची, म्हणजे ओळ चुकत नाही. तुम्ही फक्त प्रश्न वाचायचा. उत्तर तुमच्या कागदावर आहे, ते मला सांगायचं नाही. स्क्रीनवर काय दिसतंय ते मी सांगेन. जुळलं तर खूण, नाही जुळलं तर फुली."

"तुम्हाला उत्तरं माहीत नसतात?" काकांनी चुकून विचारलं.

"वर्षाला तीस ठिकाणी जाते. प्रत्येकाची यादी निराळी. लक्षात राहिली तरी मी विसरते, मुद्दाम. उत्तर माहीत असलं की डोळे तेच बघतात. गेल्या वर्षी इथे वाचायला याच खोलीतला माणूस दिला होता. मी तोंड उघडायच्या आत तोच बरोबर म्हणायचा."

"मीच तो," झालंयराव मागून म्हणाला. "वेळ वाचला की नाही?"

बुधवारी साडेबाराच्या सुमारास काम सुरू झालं. काका वाचत, बाई सांगत. "कलम एक, पासवर्डची अक्षरं किती?" "चौदा." खूण. "कलम दोन, चुकीचा पासवर्ड किती वेळा चालतो?" "पाच." खूण. थंडीने काकांची बोटं आखडली, पण मजा यायला लागली होती. दोघांचा ताल जमला. एकतीस वर्षांत कुणी त्यांचं वाचलेलं इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं.

छापील यादीतलं अक्षर मात्र मुंगीएवढं. चाळिसाव्या कलमाशी आले तोवर काकांच्या डोळ्यांना पाणी सुटलं. तेवढ्यात सव्वाएक वाजला आणि बाईंनी फोन लावला. दोन्ही हात थर्मासच्या झाकणातल्या गरम चहाभोवती, म्हणून फोन टेबलावर, आवाज मोठा.

"आई, जेवणानंतरची गोळी घेतलीस?"

"घेतली."

"घेतली असं नको सांगूस. पाकीट हातात घे. काय दिसतंय?"

"अकरा दिसतायत. आणि मेल्या चांदीच्या कागदात माझं तोंड दिसतंय, ते काही पूर्वीसारखं राहिलं नाही."

"गॅस?"

"बटण आडवं दिसतंय. मला कधी नापास करणार आहेस ते एकदा सांगून टाक, म्हणजे मी माझी मोकळी."

बाई हसल्या. तोंडावर हात न घेता, खांदे हलवून. काका कानकोंडे होऊन बाहेर पडले आणि सरळ रेकॉर्ड रूममध्ये गेले. तिथे त्यांना आठवलं. ही मानक यादी आपल्याकडेही आहे की. समितीने सह्या केलेली मूळ प्रत, टाइप केलेली, टपोऱ्या अक्षराची, त्यांनीच निळ्या पुठ्ठ्यात बांधलेली. चौथं कपाट, खालून दुसरा कप्पा. ती घेऊन ते वर आले, छापील यादीवर ठेवली आणि एक्केचाळीसपासून पुढे वाचायला लागले. यादी तीच, फक्त अक्षर मोठं. बाईंना सांगण्यासारखं त्यात काय होतं?

"पुस्तक बदललंत काका?" झालंयरावाने विचारलं.

"डोळ्यांना बरं पडतं."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग कलम सदुसष्ट आलं.

"तात्पुरती खाती किती?"

"एक," बाई म्हणाल्या. "चालू आहे."

काकांच्या पट्टीच्या वर टपोऱ्या अक्षरांत होतं: एकही नसावं.

त्यांनी निळी यादी हळूच उचलून खालची छापील पाहिली. तिच्यात सदुसष्टपुढे: एक. काकांना वाटलं, आपली जुनी झाली. मागाहून सुधारली असेल, आपल्याला कोण कळवणार? शिवाय भिंतीवर शेचाळीस चौकोन हिरवेगार होते, आणि मागून झालंयराव म्हणत होता, "चला काका, पुढे चला." एका म्हाताऱ्याच्या पुठ्ठ्यापायी सगळं अडवायचं?

त्यांनी खूण केली.

ऐंशीव्या कलमाला तेच. नोंदी किती दिवस ठेवायच्या? निळ्या यादीत एकशेऐंशी, स्क्रीनवर अठरा. एक्क्याण्णवला पुन्हा. रिकामी स्क्रीन किती मिनिटांनी बंद व्हावी? निळ्यात दहा, बाईंना दिसलं: कधीच नाही. काकांनी तेही गिळलं. मग निळी यादी मिटून खुर्चीखाली ठेवली आणि उरलेले दोन सर्व्हर मुंगीएवढ्या अक्षरावरून वाचले. डोळ्यांना पाणी आलं तर आलं. संध्याकाळी बाईंनी कागद पाहिला. तिन्ही सर्व्हरवर एकशे बाराच्या एकशे बारा खुणा, एकही फुली नाही.

"उद्या सही करून टाकते," त्या म्हणाल्या. "छान वाचता काका तुम्ही."

ते "छान" काकांना घरी जाताना काट्यासारखं टोचत राहिलं.

गुरुवारी सकाळी काकांची बायको त्यांच्या कपाकडे बघत होती.

"साखर विरघळून पाच मिनिटं झाली. आता काय कपाचा तळ विरघळवताय?"

काकांनी सगळं सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं.

"तुम्ही वाचलं ते पुठ्ठ्यात तसंच लिहिलेलं होतं?"

"तसंच."

"त्याखाली सह्या होत्या?"

"समितीच्या सातही."

"मग?"

"अगं, ती शिकलेली माणसं. माझं वय झालं, मला काय—"

"वयाने पुठ्ठ्यातली अक्षरं बदलतात होय?" ती म्हणाली आणि विळी बाजूला केली. "उठा. आणि बस येईपर्यंत मनात वाक्य जुळवत बसू नका. जुळलं की तुम्ही बोलत नाही."

काका तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा बाई प्रमाणपत्राचा कागद पुढ्यात घेऊन पेनचं टोपण काढत होत्या. काकांनी वाक्य जुळवलं नव्हतं.

"बाई, मी काल खोटी खूण केली. तीन ठिकाणी."

आणि निळी यादी त्यांच्यापुढे उघडली.

काकांना वाटलं होतं, आता बाई चिडतील. निदान कपाळाला हात तरी लावतील. त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, सदुसष्टावर बोट ठेवलं, मग छापील कागदावर बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काका मागे सरकले.

"काका, परत वाचा."

"तात्पुरती खाती. एकही नसावं."

"हा कागद कुठला?"

"चौथं कपाट, खालून दुसरा कप्पा."

"आणि हा?" बाईंनी छापील यादी झालंयरावापुढे धरली. "हा कुठून छापला?"

"प्रोग्रॅममधून," झालंयराव म्हणाला. "तीच यादी आहे मॅडम."

"प्रोग्रॅममध्ये कुणी घातली?"

"घालायची कशाला? एक नंबरचा सर्व्हर आधी नीट लावला, त्याचा साचा काढला, त्या साच्यावरून बाकीचे पंचेचाळीस केले. प्रोग्रॅमलाही तोच साचा दिला. बरोबर काय, ते त्याला त्यावरूनच कळतं."

बाई खुर्चीवरून उठल्या आणि दोन रॅकच्या मधल्या वाटेने शेवटापर्यंत जाऊन परत आल्या. त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"म्हणजे प्रोग्रॅमने यादीशी ताडून पाहिलंच नाही. एक नंबराशी ताडून पाहिलं. घरातली सगळी घड्याळं एकाच घड्याळावरून लावली आणि तेच दहा मिनिटं मागे असलं, तर सगळी एकमेकांशी जुळणारच की. सगळे मिळून उशिरा पोचतील."

"पण एक नंबर मी स्वतः लावला होता," झालंयराव म्हणाला. आवाज जरा उतरला होता. "सगळं झालं होतं."

"मग हे तात्पुरतं खातं कुणाचं? तारीख बघा."

त्याने बटणं दाबली. तारीख तीन वर्षांपूर्वीची निघाली. झालंयरावाने ती दोनदा वाचली.

"जुन्या इमारतीतून इकडे आलो तेव्हाची," तो म्हणाला. "यंत्रं बसवणाऱ्या लोकांना बाहेरून आत येता यावं म्हणून तीन दिवसांसाठी उघडून दिलं होतं. त्याच तीन दिवसांत साचा काढला. एक नंबरावरून मी नंतर खातं काढून टाकलंही असेन... नाही. काढलेलं दिसत नाही."

'दिसत' हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आला. त्याच्या ते लक्षात आलं नाही, काकांच्या आलं.

"आणि नोंदी अठरा दिवसच का?"

"तेव्हा डिस्क भरत होती. तेही तात्पुरतंच केलं होतं."

तीन दिवसांसाठी किलकिलं केलेलं एक दार शेचाळीस जागी, तीन वर्षं तसंच राहिलं होतं, आणि सोमवारी त्यात बावीस दवाखाने जोडले जाणार होते. काका घाबरले. पण खरं सांगायचं तर त्यांना आतून आनंदही होत होता. एकतीस वर्षं ज्या कपाटांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्यांतला एक पुठ्ठा आज सगळ्यांपुढे टेबलावर होता.

"एकशे बारा कलमं," बाई म्हणाल्या. "हा कागद आणि तो कागद. काका, पट्टी घ्या."

दोघांनी पाऊण तासात दोन्ही याद्या ओळीनओळ ताडल्या. फरक तीनच. काकांनी गिळलेले तेवढेच. शेवटची ओळ संपली तेव्हा बाईंनी टेबलावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "तीन. चौथा नाही. बघितलंत, किती स्वच्छ बसतंय?" जणू कुणी त्यांना भेटच दिली होती.

मग त्यांनी पेन उचललं. पेनचं टोपण बसवायला गेल्या, ते बसेना. दोनदा घसरलं.

"काय झालं बाई?"

"गेल्या वर्षीही हे खातं उघडंच होतं," त्या म्हणाल्या. "आणि गेल्या वर्षी सही माझी आहे."

साहेबांच्या खोलीत काकांनाही जावं लागलं, कारण पुठ्ठा त्यांच्या ताब्यातला होता. साहेबांनी सगळं ऐकलं, नाकावरचा घाम पुसला आणि माणसासारखंच विचारलं, "उद्या पाचपर्यंत दुरुस्त होईल?"

"प्रयत्न केला तर होईल."

"मग करा. दुरुस्त करा, सही करा, सोमवारी दवाखाने जोडू. गेल्या वर्षीचं कशाला उकरता? तो कागद कोण उघडून बघणार आहे?"

"हे काका बघतील," बाई म्हणाल्या. "फाइल यांच्याकडेच येते."

काका बुटांकडे बघू लागले.

"बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतोय. तपासणीत चूक निघाली की तुम्हाला नेमणारं मंडळ निरीक्षकाचं नाव आपल्या यादीतून कापतं. कापतं की नाही?"

"कापतं कधी कधी."

"मग? काय करणार?"

"आईच्या गोळ्या मोजेन. तिला दिवसातून एकदा फोन आला तरी ती वैतागते, मी दिवसभर घरी बसले तर नाव तीच कापेल." बाई हसल्या नाहीत. "साहेब, मी दुसऱ्यांना काय दिसतंय ते सांगा म्हणत फिरते. मला हे दिसलंय. खातं तीन वर्षं उघडं आहे, हे लिहायचं आणि गेल्या वर्षाची माझी सही त्यातून वगळायची, हे कसं जमवू? नोंदी अठराच दिवसांच्या आहेत. त्या अठरा दिवसांत त्या खात्यातून कुणी आत आलेलं दिसत नाही. त्याआधीचं दिसतच नाही. तेही असंच लिहिणार."

त्यांनी तिथेच, साहेबांच्या टेबलावर, चार ओळी लिहिल्या. गेल्या वर्षीची तपासणी मूळ यादीशी न करता साच्यावरून काढलेल्या यादीशी केली गेली. ती चूक माझी. खाली सही. टोपण या वेळी बसलं.

"आता उरलेल्या वेळात शेचाळीस सर्व्हर," त्या दारातून म्हणाल्या. "काका, चला, पट्टी विसरू नका."

तो दीड दिवस काकांना अजून जसाच्या तसा आठवतो. लॅबचं काम थांबवता येत नव्हतं, म्हणून एका वेळी एकच सर्व्हर घ्यायचा. झालंयरावाने आधी एक नंबर सुधारला, मग यादी पुठ्ठ्यावरून प्रोग्रॅममध्ये भरली. काकांनी वाचली, त्याने भरली, बाईंनी परत वाचून घेतली. प्रोग्रॅम चालवला मात्र, भिंतीवरचे पंचेचाळीस चौकोन एकदम तांबडे झाले. झालंयराव "अरे देवा" म्हणाला. बाई म्हणाल्या, "आता कसं शहाण्यासारखं बोलतोय."

मग दोन नंबर, तीन नंबर, चार. खातं काढून टाकायचं, नोंदी एकशेऐंशीवर न्यायच्या, स्क्रीन दहा मिनिटांवर, सर्व्हर बंद करून चालू. प्रत्येकाला आठ मिनिटं. मग काकांचा आवाज: "सदुसष्ट, तात्पुरती खाती किती?" "शून्य." "ऐंशी, नोंदी किती दिवस?" "एकशेऐंशी." "एक्क्याण्णव?" "दहा मिनिटं." खूण, खूण, खूण, आणि एक चौकोन हिरवा. सव्वाएकचा फोनही त्यातच झाला. "आई, आज लवकर सांग." "दहा दिसतायत. एवढी कसली घाई? आगबिग लागलीय का?" "तसंच काहीतरी." "मग मजा आहे तुझी."

गुरुवारी संध्याकाळपर्यंत सव्वीस हिरवे झाले. शुक्रवारी तर काकांचा घसा बसला, तरी आवाज चढाच. दुपारी साहेब स्वतः दारात येऊन उभे राहिले आणि कुणी न सांगता चौकोन मोजायला लागले.

एकतीस नंबराला गाडी अडली.

"तात्पुरती खाती किती?"

"एक," बाई म्हणाल्या.

"एक कसं?" झालंयराव उसळला. "झालंय ते. आत्ता, तुमच्या समोर काढून टाकलं."

"मला एक दिसतंय."

त्याने परत काढलं. परत एक. सव्वातीन वाजले होते. त्याच्या कपाळावर त्या थंडीतही घाम. काका उठले, रॅकपाशी वाकले, चष्मा वर केला आणि सर्व्हरवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. मग झालंयरावाच्या स्क्रीनवरचा आकडा वाचला.

"इथे एकतीस लिहिलंय," ते भीत भीत म्हणाले. "तुमच्याकडे तेरा दिसतंय."

तो दोनदा तेरा नंबराचं, कधीच काढून टाकलेलं खातं काढत होता. मग झालंयराव स्वतःच इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली.

"काका, तुम्ही निवृत्त होऊ नका."

"आधी एकतीस," बाई म्हणाल्या.

शेचाळिसावा चौकोन हिरवा झाला तेव्हा घड्याळात चार अडतीस होते. बाईंनी पुन्हा चिठ्ठ्या काढायला लावल्या, तीन सर्व्हरची सुधारलेली कलमं पुठ्ठ्यावरून तपासली आणि पाचला चार मिनिटं असताना सही केली. साहेबांनी कागद जवळजवळ हिसकावूनच नेला. झालंयराव भिंतीकडे बघत म्हणाला, "शेचाळीस हिरवे दिसतायत, मॅडम." त्यात चेष्टा नव्हती, निदान सगळी नव्हती.

सोमवारी बावीस दवाखाने जोडले गेले. महिन्याभराने मंडळाचं पत्र आलं. ते नोंदवून घ्यायचं काम काकांचंच. निरीक्षकांनी स्वतःची चूक स्वतः कळवली म्हणून त्यांचं नाव यादीत कायम ठेवण्यात येत आहे. मात्र या रुग्णालयाच्या तपासणीवर त्यांना यापुढे नेमू नये. काकांनी ते दोनदा वाचलं. पहिलं वाक्य वाचून त्यांचा जीव भांड्यात पडला, दुसरं मात्र काही केल्या पटेना. मग पत्र निळ्या पुठ्ठ्यात मागच्या बाजूला लावलं. चौथं कपाट, खालून दुसरा कप्पा. चार महिन्यांनी ते निवृत्त झाले, आणि बाई परत दिसल्या नाहीत.

पण त्या शुक्रवारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. झालंयराव आनंदाच्या भरात खाली पळाला होता, त्यामुळे सर्व्हर रूम बंद करायचं काकांवर आलं. ते दार ओढून जिन्यापाशी आले तेव्हा बाई स्वेटर काढून पिशवीत कोंबत होत्या. काकांनी पट्टी पुढे केली. बाईंनी ती परत त्यांच्याच खिशात सरकवली.

"असू द्या. दार लावलंत?"

"लावलं."

बाईंनी नुसतं पाहिलं. काका मागे वळले आणि दारापाशी जाऊन उभे राहिले.

"कडी आत गेलेली दिसतेय," ते तिथूनच म्हणाले. "कुलपावरचा दिवा तांबडा दिसतोय."

"मग लागलं," बाई म्हणाल्या. "येते काका."

"या."